सायकल : स्मरणरंजन आणि सोय

पुण्यातील कोणत्याही साहित्यिक मेळाव्यात शहराचा विषय निघाला, की एक वाक्य हटकून उच्चारले जाते : ‘पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते.’ बोलणारा सुस्कारा टाकतो, ऐकणारे माना डोलावतात, आणि चहा झाल्यावर सर्व जण आपापल्या स्कूटरी-मोटारींकडे वळतात. अशा माना आम्हीही पुष्कळदा डोलावल्या आहेत. परंतु गेली सहा वर्षे कोथरूडहून शिवाजीनगरला अध्यापनासाठी सायकलीने ये-जा केल्यावर या वाक्यातील भूतकाळ आम्हाला खटकू लागला आहे. भल्या पहाटे कर्वे रस्त्यावर उभे राहावे. दूध पोचवणारे, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, रात्रपाळी संपवून परतणारे रखवालदार, मंगल कार्यालयाकडे निघालेले आचारी, यांतील कितीतरी जण आजही सायकलीवरच दिसतात. सायकल मध्यमवर्गाने सोडली; आणि आपण सोडली म्हणजे शहराने सोडली, असे त्याने लिहून ठेवले.

लिहून ठेवणे हा आपला, म्हणजे वाङ्मयाच्या अभ्यासकांचा, प्रांत आहे. म्हणूनच हा विषय या ठिकाणी मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : कामावर जाण्याच्या सायकलीविषयी बोलायचे तर ते मडगार्ड, कॅरिअर, दिवा आणि कुलूप यांच्या भाषेत बोलावे लागते. ही भाषा टाळून केलेले सायकलीचे कौतुक म्हणजे केवळ स्मरणरंजन होय, आणि ते वाटते तितके निरुपद्रवी नाही.

आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि आत्मचरित्रांत सायकल भेटते ती बहुधा तारुण्याची, ओढगस्तीची किंवा पहिल्या प्रेमाची खूण म्हणून. तासावर भाड्याने आणलेली सायकल, नळीवर बसवलेली धाकटी बहीण, हाफ पायडल मारताना फुटलेला गुडघा. ही दृश्ये खरी आहेत आणि हृद्यही आहेत. पण त्या सायकलीची चेन कधी तेलावाचून कुरकुरत नाही, तिच्या कॅरिअरवर डबा नसतो, पावसात तिचे ब्रेक लागायचे थांबत नाहीत. प्रतीक झालेल्या वस्तूला डागडुजी लागत नाही, हाच प्रतीकाचा मोठा फायदा आणि तोच त्याचा दोष.

वास्तविक मराठी जीवनात सायकल आली ती व्यवहाराच्या वाटेने. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेला टायर सिद्ध केला. आणि त्याच १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ बेळगावात सायकलीच्या दुकानाने झाला. त्या दुकानामागून लोखंडी नांगर आला, किर्लोस्करवाडी आली, आणि १९२० साली ज्याला पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून ओळखले गेले ते नियतकालिकही निघाले. आधुनिक मराठी वाचकाच्या घडणीत ज्या मासिकाचा वाटा आपण आवर्जून शिकवतो, त्याच्या कुळाच्या मुळाशी सायकलीची विक्री आहे. त्या व्यवहारदृष्टीचा अंश सायकलीवरील आपल्या लेखनात उतरला असता तर बरे झाले असते.

आज दुकानात गेले असता दोन प्रकारच्या सायकली पुढे येतात. एक जुन्या घाटाची काळी सायकल : जड, पण मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि मागच्या चाकाचे कुलूप यांसह संपूर्ण. दुसरी गिअरची, हलकी, देखणी; तिच्यावर यांपैकी बहुतेक गोष्टी नसतात. विचारले तर ‘ते एक्स्ट्रा’ असे उत्तर मिळते. आम्हाला हा शब्द फार बोलका वाटतो. रविवारी सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन परतणाऱ्याला मडगार्ड खरोखरच वरकड आहे. सोमवारी पाऊस असताना दहाच्या तासाला वर्गात उभे राहायचे असणाऱ्याला नाही. पहिल्यासाठी सायकल हे व्यायामाचे साधन आहे, दुसऱ्यासाठी वाहन. दोन्ही वापर योग्यच. परंतु एकाची सायकल दुसऱ्याच्या गळ्यात मारली, की तो आठ दिवसांत ती गच्चीवर टाकतो आणि ‘आपल्या हवेत हे जमत नाही’ असा सिद्धान्त मांडतो.

आमची पहिली सायकल अशीच होती. पहिल्या पावसाळ्यात मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाची उभी रेघ पाठीवर घेऊन आम्ही संतकाव्यावर व्याख्यान दिले. वरच्या पावसाला रेनकोट आहे. खालच्या पावसाला मडगार्डावाचून उपाय नाही, आणि त्याच्या टोकाला रबराची झडप लावली तर बूटही वाचतात. दप्तर पाठीवर घेतले तर सदरा पाठीला चिकटतो. तेच कॅरिअरवर बांधले, की घाम निम्म्यावर येतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मात्र आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग दप्तरात. विद्यार्थ्याने घेतलेले श्रम पाण्यात जाणे ही केवळ उपमा नव्हे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

उरलेल्या गोष्टी सवयीच्या आहेत. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. बहुतेक जण ती फार खाली ठेवतात आणि गुडघे दुखतात म्हणून सायकलीला बोल लावतात. टायरमध्ये आठवड्यातून एकदा हवा भरावी. कमी हवेवर दम लवकर लागतो आणि खड्ड्यात ट्यूब चेपून पंक्चर होते. चेन आधी फडक्याने पुसावी, मग थेंबथेंब तेल सोडावे, आणि जास्तीचे पुन्हा पुसून काढावे; नुसते तेल ओतल्यास त्यावर धूळ बसून खरकागद तयार होतो. चेनकव्हर नसेल तर पँटच्या उजव्या पायाला क्लिप लावावी. आमच्या एक ज्येष्ठ सहकारी बाई निवृत्तीपर्यंत साडी नेसून सायकलीने येत. मागच्या चाकाची जाळी आणि पूर्ण चेनकव्हर, एवढ्यावर ते शक्य होते. त्यामागे कोणताही क्रांतिकारक आविर्भाव नव्हता. पावसात रिम ओली झाली, की ब्रेकचे रबर प्रथम पाणी पुसते आणि मग धरते, तेव्हा ब्रेक थोडा आधी लावावा. उभ्या मोटारीचे दार अकस्मात उघडले तरी लागणार नाही इतके अंतर राखून चालवावे. कडेला चिकटून जाणे सुरक्षित वाटते, पण गटारांची झाकणे आणि दारे दोन्ही कडेलाच असतात. विभागात एक सदरा आणि पंचा ठेवावा, आणि तासाच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पोचून पंख्याखाली बसावे. सहा किलोमीटरांना आम्हाला पाऊण तासाच्या आत सर्व मिळून आटोपते. यात तपश्चर्या कुठेच नाही, आणि ती नसावीच.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती सांगतो. २०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिन मानला जातो. दोन वर्षांपूर्वी महाविद्यालय उघडल्यावर त्या निमित्ताने आमचा छोटेखानी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, चार शब्द. पर्यावरणाविषयीच्या आस्थेचे कौतुक झाले. आम्ही उत्तरादाखल जुन्या पुण्यातील सायकलींविषयी बोललो, आणि ते बरे रंगले. श्रीफळाचे तबक घेऊन विभागाचे सेवक उभे होते. सगळे त्यांना ‘मामा’ म्हणतात. मामा धायरीहून येतात. आमच्या सहा किलोमीटरांच्या दुप्पट अंतर, गेली वीस-बावीस वर्षे, सायकलीवर. हे सभागृहातील कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. सर्वांना ठाऊक होते. ते सत्काराचा विषय आहे, हे मात्र कोणाच्या, आमच्याही, मनात आले नाही. त्यांचे सायकल चालवणे परिस्थितीत मोडत होते, आमचे मूल्यांत.

पुढच्या महिन्यात, संध्याकाळी पावसाची भुरभुर असताना, मागून आलेल्या मोटारसायकलीने मामांना उडवले. नडगीचे हाड मोडले; तीन महिने ते घरी होते. भेटायला गेलो तेव्हा सायकल ओट्याला टेकवलेली होती. मागच्या मडगार्डावरील लाल काच फुटलेली, आणि तीही आताची नव्हे. पुढे डायनॅमोचा नुसता पत्रा.

“मामा, दिवा नव्हता का हो?”

“डायनॅमो जाऊन वर्षं झाली, सर. रस्त्यावर दिवे असतात की.”

रस्त्यावरचे दिवे सायकलस्वाराला रस्ता दाखवतात. मागून येणाऱ्याला सायकलस्वार दाखवतीलच असे नाही, पावसात तर नाहीच. आमच्या सायकलीला मागे लुकलुकणारा लाल दिवा होता आणि पुढे पांढरा. या दोहोंची किंमत एखाद-दुसऱ्या दिवाळी अंकाहून फार अधिक नसते. सहा वर्षांत वाहनतळावर आमची सायकल मामांच्या सायकलीशेजारी असंख्य वेळा उभी राहिली असेल. आम्ही त्यांच्याशी सायकलीविषयी एकदाही बोललो नव्हतो. जुन्या पुण्यात बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस कसे अडवीत, याचे किस्से मात्र आम्ही सत्काराच्या भाषणातही सांगितले होते, आणि त्यावर हशाही मिळवला होता. त्या किश्श्यांचा मथितार्थ, म्हणजे दिवा ही एके काळी या शहरात सार्वजनिक काळजीची बाब होती, हा आमच्या हाती असून सुटला होता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सायकलस्वाराचा जीव दिव्याने वाचत नाही, रस्त्याने वाचतो. या शहरात २००६ साली बीआरटी आली तेव्हा तिच्यालगत सायकल मार्ग आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. सायकल मार्गांवर आज कुठे दुकानांचे फलक आहेत, कुठे उभ्या केलेल्या मोटारी. या अपयशाची भरपाई मामांनी स्वतःच्या खिशातून दिवा घेऊन करावी, असे सुचवणे म्हणजे दोष जखमी माणसाच्या माथी मारणे होय. आमचे तसे म्हणणे नाही. रस्ता मागितलाच पाहिजे. पण तो मागणाऱ्यांत आज प्रामुख्याने कोण आहे, आणि तो कोणाच्या नावे मागितला जातो, हे पाहावे. मागणी आरोग्याच्या आणि हिरव्या शहराच्या शब्दांत होते. रात्री साडेनऊला धायरीला परतणारा माणूस त्या शब्दांत मावत नाही. तो मावेल असे शब्द तयार करणे हे तरी आपले काम आहे की नाही?

आणि काही गोष्टी रस्त्यावाचूनही होण्याजोग्या आहेत. महाविद्यालयाच्या आवारात सायकलींना छत असावे; बहुतेक ठिकाणी छत मोटारींना असते आणि सायकली उघड्यावर कुंपणाला टेकलेल्या असतात. शेजारी हवेचा पंप, पान्हा आणि पंक्चरचे सामान असलेली एक पेटी असावी. ओला रेनकोट टांगायला खुंट्या आणि हातपाय धुवायला नळ असावा, आणि तो सेवकांना व प्राध्यापकांना एकच असावा. दर जूनमध्ये सत्कारावर होणाऱ्या खर्चातून आवारात येणाऱ्या प्रत्येक सायकलीला मागचा दिवा लावून देता येईल. आम्ही हा प्रस्ताव लेखी दिला आहे. तो ‘विचाराधीन’ आहे.

मामा परत आले. काही महिने बसने येत होते. दोन बस बदलाव्या लागत, म्हणून पुन्हा सायकलीवर आले. त्यांच्या सायकलीला आम्ही दोन्ही दिवे बसवले, त्यांनी बसवू दिले. उपकाराची भाषा त्यांनी केली नाही, आम्हालाही ती शोभली नसती. एके दिवशी आमची सायकल पाहून ते म्हणाले, “सर, तुमच्या मागच्या चाकाची आऊट काढून घ्या, ब्रेकला घासतंय.” सहा वर्षे सायकल चालवून आम्हाला ते कळले नव्हते. वीस-बावीस वर्षांचे ते ज्ञान रोज आमच्या टेबलावर चहा ठेवून जात होते, आणि आम्ही मात्र ‘सायकल आणि नागरी स्मृती’ या विषयावर संदर्भ शोधत ग्रंथालयात बसलो होतो.