लॉकर कोणाचा, किल्ली कोणाकडे?

लखनौच्या गोमती नगरातील वसाहतींची नावे ‘वि’ या अक्षरापासून सुरू होतात. विनय खंड, विपुल खंड, विराम खंड, विभूती खंड अशी ही मालिका बरीच लांब आहे. येथे निवृत्त अधिकारी, प्राध्यापक आणि बँक कर्मचारी मोठ्या संख्येने राहतात. त्यांची मुले बंगळुरूत, पुण्यात किंवा परदेशी. निवृत्तिवेतनाचा आदेश, घराच्या खरेदीखताची प्रत, रुग्णालयाचे अहवाल, नातवंडांची छायाचित्रे हे सारे ‘फोनमध्ये’ आहे, असे ही मंडळी म्हणतात. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक ऐवज कुठल्या तरी कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर असतो. ‘जागा संपली’ अशी सूचना पडद्यावर आली की मग सकाळच्या फेरफटक्यात एकच विषय निघतो. कोणती सेवा घ्यावी आणि ती कितीला पडते?

दराचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. गूगल १५ जीबी जागा विनामूल्य देते. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट केवळ ५ जीबी. गूगलची १०० जीबीची योजना महिन्याला १३० रुपयांना, तर २ टीबीची ६५० रुपयांना मिळत आली आहे. ॲपलकडे ५० जीबीला ७५ आणि २ टीबीला ७४९ रुपये पडतात. मायक्रोसॉफ्टची १ टीबी जागा ऑफिस प्रणालीच्या वर्गणीसोबत येते. ज्याला लेखन आणि हिशेबासाठी ती प्रणाली हवीच आहे, त्याला हा व्यवहार परवडतो. सोयींच्या बाबतीत गूगलचा छायाचित्रांमधील शोध सरस आहे, ॲपलची सेवा ॲपलच्याच उपकरणांवर सुरळीत चालते. जाणकार ग्राहक दहा मिनिटांत एवढी तुलना करू शकतो.

त्या तक्त्यात न मावणारी गोष्ट अशी की येथे जागा विकत मिळत नाही, भाड्याने मिळते, आणि भाडेकरू एकदा सामान घेऊन आत शिरला की बाहेर पडणे जिकिरीचे होते. गूगलने छायाचित्रांसाठी अमर्याद विनामूल्य जागा दिली होती. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली, तोवर कोट्यवधी कुटुंबांचे अल्बम तिथे जाऊन बसले होते. मे २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या पोस्टपेड आणि वाय-फाय ग्राहकांना सहा महिन्यांसाठी गूगलची १०० जीबी जागा विनामूल्य देऊ केली. त्यानंतर ग्राहकाने स्वतः नकार कळवला नाही, तर महिना १२५ रुपये बिलात आपोआप जोडले जाणार होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिलायन्स आणि गूगल यांनी जिओच्या ग्राहकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची सेवा २ टीबी जागेसह अठरा महिने फुकट जाहीर केली. अठरा महिन्यांत सामान्य माणूस किती साठवून ठेवील आणि एकोणिसाव्या महिन्यात ते उचलून कुठे नेईल, याचा हिशेब कंपनीने केलेला असतो. ग्राहकाने सहसा केलेला नसतो. २ टीबीची हार्ड डिस्क साधारण वर्ष-दीड वर्षाच्या भाड्यात घरी येते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

गोपनीयतेचा प्रश्न याहून अवघड आहे. सर्वच मोठ्या कंपन्या साठवलेली माहिती कूटबद्ध करतात आणि तसे ठळकपणे सांगतात. विचारायचे ते एवढेच की ते कुलूप उघडणारी किल्ली कोणाकडे असते. गूगल ड्राइव्हच्या सर्वसाधारण खात्यात ती कंपनीकडे असते. ॲपलकडे किल्ली केवळ ग्राहकाच्या हाती ठेवणारी सोय आहे, पण ती आपण होऊन सुरू करावी लागते. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनसारख्या सेवा पहिल्यापासूनच ग्राहकाच्या किल्लीवर चालतात. त्याची किंमत अशी की पासवर्ड आणि तो परत मिळवण्याची सांकेतिक वाक्ये दोन्ही हरवली, तर साठवलेला ऐवज कंपनीलाही उघडता येत नाही. सत्तरीतल्या माणसाने हा धोका पत्करावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. शिवाय ही सोय सरकारांच्या मर्जीवर टिकते. ब्रिटिश सरकारने माहिती उघडून देण्याचा आग्रह धरल्यावर ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील नव्या ग्राहकांसाठी ती बंद केली. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तेथील कंपन्यांना आपल्या ताब्यातील माहिती, ती कोणत्याही देशात साठवलेली असली तरी, न्यायालयीन आदेशानंतर द्यावी लागते. म्हणून माहिती नवी मुंबईतील केंद्रात आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

कागद ज्याच्या ताब्यात, निर्णय त्याच्या हाती, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुण्याचे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशन नेमले गेले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या इनाम उपभोगणाऱ्यांना आपला हक्क सिद्ध करावा लागला, आणि तो पडताळण्याचे एक मोठे साधन असलेले ते दफ्तर सरकारच्याच कपाटात होते. पुढे रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध होण्यासाठी १९३० चे दशक उजाडावे लागले. आज कागदांचे मालक आपणच आहोत, पण कपाट मात्र परक्याचे आहे.

याचा अर्थ काय, हे गुजरातमधील एका प्रकरणातून दिसते. तेथील एका अभियंत्याने बालपणी आजीने आंघोळ घालतानाचे आपले छायाचित्र गूगलच्या साठवणीत ठेवले. कंपनीच्या यंत्रणेने ते आक्षेपार्ह ठरवून खातेच गोठवले. त्याबरोबर टपाल आणि व्यवसायाची कागदपत्रेही बंद झाली. अखेर त्याला गुजरात उच्च न्यायालयात जावे लागले; मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने कंपनीला आणि सरकारांना नोटीस काढली. बालकांचे शोषण रोखण्यासाठी अशी तपासणी आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु यंत्राने दिलेल्या निकालावर माणसाकडे दाद मागण्याची खात्रीशीर वाट हवी.

येथे बँकेच्या लॉकरची तुलना उपयोगी पडते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमिताभ दासगुप्ता प्रकरणात बँकांना बजावले की लॉकरच्या जबाबदारीतून त्यांना अंग काढून घेता येणार नाही. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नियम काढले. लॉकर फोडण्यापूर्वी नोटीस हवी. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे हानी झाल्यास वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई हवी. वारस नेमण्याची सोय हवी. दागिन्यांसाठी हे सगळे आहे. क्लाउडमधल्या खात्यासाठी एवढी नेमकी तरतूद नाही. उलट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या व्याख्येतून विनामूल्य सेवा वगळलेली आहे, म्हणजे १५ जीबीच्या फुकट खात्यावर आयुष्य साठवणाऱ्याला ग्राहक आयोगाचे दारही सहज उघडत नाही. मध्यस्थ कंपन्यांविरुद्ध २०२३ पासून केंद्राच्या अपील समित्या आहेत. किती जणांना त्या ठाऊक आहेत?

परदेशी कंपनीवर विसंबण्याचा धोका व्यक्तीपुरता नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध लादले, आणि मायक्रोसॉफ्टने या भारतीय तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा थांबवल्या. भारताने असे निर्बंध लादलेले नव्हते. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. यानंतर स्वदेशीचा आग्रह वाढला तर नवल नाही. केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहोच्या प्रणालीवर गेले आहेत. दिशा योग्य आहे, पण ‘आपले’ म्हणजे ‘सुरक्षित’ हे समीकरण घाईचे ठरेल. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवणारी ८५८ टीबींची सरकारी साठवण जळून गेली, आणि तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती. परकी कंपनी नव्हती, परका कायदाही नव्हता.

आपल्याकडे डिजिलॉकर आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत स्वतः चढवलेल्या कागदांसाठी १ जीबी जागा मिळते. संबंधित खात्याने थेट दिलेली प्रमाणपत्रे कायद्याने मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहेत. एप्रिल २०२५ पासून सेबीच्या पुढाकाराने तिथे नामनिर्देशित व्यक्ती नेमता येते, जेणेकरून गुंतवणुकीचा तपशील मृत्यूनंतर वारसाला कळावा. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याच्या कलम १४ मध्येही नामनिर्देशनाचा हक्क आहे, परंतु त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायच्या आहेत. त्याच कायद्याचे कलम १७ सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा देते; डिजिलॉकरवर विसंबताना हेही ध्यानात असावे. दरम्यान गूगलचे धोरण सांगते की दोन वर्षे न वापरलेले खाते पुसले जाऊ शकते. वडील गेल्यावर त्यांच्या फोनचा पासवर्ड शोधणाऱ्या कुटुंबाला ही मुदत फार मोठी नाही.

मे २०२७ पर्यंत इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या हाती वेळ आहे. लॉकरच्या धर्तीवर क्लाउड साठवणीसाठी किमान अटी ठरवता येतील: खाते बंद करण्यापूर्वी कारणासह नोटीस आणि ऐवज काढून नेण्यास मुदत, फुकट योजना संपताना आपोआप वसुलीऐवजी ग्राहकाची स्पष्ट संमती, आणि भारतात दाद मागता येईल असा जबाबदार अधिकारी. तोवर गोमती नगर असो वा कोथरूड, वाचकांनी महत्त्वाच्या कागदांची एक प्रत घरच्या डिस्कवर ठेवावी, दुसरी डिजिलॉकरमध्ये, छायाचित्रे परवडेल त्या सेवेत, आणि ‘खाते निष्क्रिय झाल्यास कोणाला कळवावे’ हा रकाना आजच भरावा. गूगलकडे तो आहे; ॲपलकडे मृत्यूनंतर खाते कोणाला पाहता यावे, हे नोंदवण्याची सोय आहे. सेटिंग्जमध्ये थोडे खोल जावे लागते.