कात्री आणि इंग्रजीचा तास

काटकसर हा सद्गुण आहे असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पण घरात काटकसर करायची तर कात्री प्रथम कशावर चालवावी, हे कळायलाही शहाणपण लागते. दिवाळीचे फटाके कमी केले तर कुणाचे काही बिघडत नाही. लेकराचे दूध बंद केले तर त्याला काटकसर कोण म्हणेल? प्राथमिक शिक्षणावरील खर्चाच्या बाबतीत आज जे चालले आहे ते दूध तोडण्यासारखेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या टंचाईत सर्वांत आधी आटतो तो परक्या भाषेचा, म्हणजे आपल्याकडे इंग्रजीचा, तास!

मी नागापूरचा. औद्योगिक वसाहत आली आणि मनमाड रस्त्यावरच्या आमच्या या गावाचे रूप पालटले. शेतात राबणाऱ्यांची मुले पाळीवर जाऊ लागली. कारखान्यात माणसे मराठीत बोलतात, मराठीत भांडतात. पण यंत्रावरच्या सूचना इंग्रजीत, कामाचे कागद इंग्रजीत, औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही इंग्रजीतच. सही कशावर केली हे दुसऱ्याला विचारावे लागते, तेव्हा माणसाचा कणा थोडा वाकतोच. म्हणून आमच्या वस्तीत इंग्रजी ही हौस नाही, गरज आहे.

नगर जिल्ह्याला हे नवे नाही. मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी नगरातच पाहिली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांच्याकडेच घेतले. १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सरकारला सुनावले, की कर भरतो शेतकरी आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांकडे वळतो. शिक्षणाचा पैसा कुणावर खर्च होतो, हा प्रश्न तेव्हाचा आहे. तो आजही संपलेला नाही.

मुंबई राज्यात एके काळी इंग्रजी आठवीपासून होते, पुढे महाराष्ट्रात ते पाचवीपासून झाले. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत पहिलीपासून इंग्रजी आले. निर्णय मोठा होता, वादही मोठा झाला. पण विषय वाढला म्हणून शिक्षक वाढला का? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट साठपर्यंत असेल तर शिक्षक दोन. दोन शिक्षक आणि पाच वर्ग! मी ज्या प्राथमिक शाळेत शिकलो तिथे एका वर्गाला पाढे लिहायला सांगून गुरुजी दुसऱ्या वर्गाला धडा शिकवीत. ते बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले, की गणित कसेबसे व्हायचे, इंग्रजी राहून जायचे. कारण भाषा ऐकून आणि बोलून येते. त्याला समोर माणूस लागतो. दोष गुरुजींचा नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

इंग्रजी बंद करा, असा हुकूम कुणीच काढत नाही. फक्त रिकामी जागा भरली जात नाही. २०२३ साली वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक असल्याचे तेव्हा सांगितले गेले. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि पदे घटतील म्हणून शिक्षक संघटनांनी विरोध केला. पट कमी म्हणून शिक्षक कमी. शिक्षक कमी म्हणून इंग्रजी कच्चे. इंग्रजी कच्चे म्हणून पालक पोटाला चिमटा घेऊन मूल खाजगी इंग्रजी शाळेत घालतात. आणि मग पट आणखी कमी! हे चक्र कात्रीनेच फिरवायचे आणि शेवटी पटाकडे बोट दाखवायचे, हा कुठला न्याय?

माझे काही प्राध्यापक म्हणतील, लहान वयात मातृभाषाच हवी. मलाही तेच म्हणायचे आहे. माध्यम मराठीच असावे. पण इंग्रजी हा विषय मराठी शाळेत नीट शिकवला नाही, तर पालक विषयासाठी माध्यमच बदलतात. मराठी शाळेतला इंग्रजीचा शिक्षक हा मराठीचा शत्रू नव्हे, तो तिचा राखणदार आहे.

२०२५ साली पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला. एप्रिलमध्ये शासननिर्णय निघाला, जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. अस्मितेवर पुष्कळ बोलले गेले. पण दोन शिक्षकांच्या शाळेत तिसरी भाषा शिकवणार कोण, हा प्रश्न गदारोळात मागेच राहिला. पैशाची तरतूद नसेल तर भाषा पहिली असो की तिसरी, ती बोलाचीच कढी!

खेड्यातल्या मुलांना परकी भाषा झेपत नाही, असेही कुणी म्हणू नये. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यातील गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांनी यंत्रमानवाच्या ओढीने जपानी निवडली. शिकवायला कुणी नव्हते. २०२० साली शहरातील एका भाषातज्ज्ञाने विनामूल्य दूरस्थ वर्ग घेतले आणि मुले जपानी बोलू लागली. या मुलांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण एखाद्या सज्जनाच्या औदार्यावर हजारो शाळा चालत नाहीत. दानशूर माणूस भेटला नाही त्या गावच्या मुलाने काय करावे?

म्हणून माझे मागणे साधे आहे. पट कितीही असो, शाळेत दोन कायम शिक्षक असावेत. प्रत्येक केंद्राला इंग्रजीचा एक प्रशिक्षित शिक्षक द्यावा. त्याने केंद्रातील शाळांवर ठरलेल्या वारी जाऊन तास घ्यावेत. त्याचा पगार अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा, म्हणजे कात्री लागलीच तर ती सर्वांना दिसेल.

आणि आपण? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. आपल्यापैकी इंग्रजी विषय घेतलेल्यांनी आठवड्यातून एक दुपार जवळच्या शाळेला जरूर द्यावी. मात्र तिथल्या रिकाम्या जागेबद्दल अर्ज करायलाही विसरू नये. आपली सेवा ही सरकारची सबब होता कामा नये. उद्या याच महाविद्यालयाच्या बाकांवर ती मुले येतील, तेव्हा इंग्रजीच्या पेपरला त्यांचा हात थरथरू नये, एवढे तरी आपण करूच शकतो.