दोन ते आठ अंश

आपल्या सी विंगच्या मागे नवीन होस्टेलचं काम चालू आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत कसलं, पहाटे मिक्सर सुरू होतो म्हणून झोपमोड होते, अशी सह्यांची तक्रारसुद्धा आपण रेक्टर सरांना देऊन झालो! पण साईटवरच्या त्या पत्र्याच्या खोल्यांत पोरं किती राहतात, हे आपल्यापैकी कोणी कधी मोजलंय? मीही मोजलं नव्हतं. सबमिशनच्या आठवड्यात टपरीवर चहा पीत उभा होतो, तेव्हा तिथल्या एका बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "दादा, शिकलेले दिसता. यावर पुढचं काय लिवलंय बघा की."

ते माता-बाल संरक्षण कार्ड होतं. त्यावर मराठवाड्यातल्या एका उपकेंद्राचा शिक्का. जन्मानंतरची बीसीजी, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस, सगळ्या तारखा नीट भरलेल्या. पुढचे रकाने कोरे. मुलगी अकरा महिन्यांची. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस असतो, सोबत अ जीवनसत्त्व. तो राहिला होता. का? तर "कार्ड गावचं हाय, हितं कसं चालंल?"

चालतं. हे त्यांना माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. सरकारी लस कुठल्याही गावच्या, कुठल्याही राज्याच्या मुलाला मोफत मिळते. कार्ड हरवलं तरी मिळते. मला हे कळलं ते उपकेंद्रातल्या सिस्टरांकडून. आपल्या कॉलेजपासून चालत वीस मिनिटांवर उपकेंद्र आहे, हा शोध मला तिसऱ्या वर्षाला लागला!

सरकारी म्हणजे फुकट आणि फुकट म्हणजे भिकार, असं आपलं एक ठाम मत असतं. माझंही होतं. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी त्या मायलेकींसोबत गेलो ते हेच मत घेऊन. सिस्टरांच्या टेबलावर एक निळा डबा होता. मी आगाऊपणे विचारलं, यात टेंपरेचर किती राहतं? सिस्टर म्हणाल्या, "दोन ते आठ. अंश सेल्सिअस. तू इंजिनिअरिंगचा का रे?" आणि मग त्यांनी माझीच वायवा घेतली.

लस कारखान्यातून निघते तिथपासून बाळाच्या दंडापर्यंत दोन ते आठ अंशांतच राहायला हवी. आपल्याला वाटतं, गरम झाली की खराब होते. बरोबर. पण पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली तरी वाया जाते. म्हणून फ्रीझरमधले आईसपॅक काढून लगेच डब्यात ठेवायचे नाहीत. ते बाहेर ठेवायचे, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मग डब्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जो फ्रीज असतो त्याच्या भिंतीत बर्फाचं अस्तर असतं. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो तग धरतो. लोडशेडिंगच्या देशासाठी केलेलं डिझाईन! बाटलीवर एक गोल आणि त्यात फिका चौकोन. उष्णता लागत जाईल तसा चौकोन गडद होत जातो, आणि गोलाच्या रंगाचा झाला की बाटली बाद. ना बॅटरी, ना डिस्प्ले, आणि बारावी नापास माणसालाही वाचता येतो. आपण थर्मलच्या प्रॅक्टिकलला तीन वर्षांपूर्वीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतो, हे मी सिस्टरांना अर्थातच सांगितलं नाही.

गोवर-रुबेलाच्या एका बाटलीत अनेक डोस असतात आणि उघडल्यावर ती चार तासांतच वापरावी लागते. त्या दिवशी नऊ महिन्यांच्या वरचं हे एकच मूल आलं होतं. मला वाटलं, आता म्हणतील, "पुढच्या वेळी या, चार-पाच मुलं जमू देत." सिस्टरांनी बाटली उघडली आणि त्यावर वेळ लिहिली. एका मुलासाठीसुद्धा उघडायची, असाच नियम आहे. डोस दिल्यावर अर्धा तास बसवून घेतलं. कोणती लस दिली, ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, कार्ड जपून ठेवा, हे चारही सांगितलं. आमच्या घरच्या पोरांना पैसे मोजून लस देणाऱ्या दवाखान्यात इतकं बोलायला कोणाला वेळ नसतो.

मग ही पोरं सुटतात कुठे? लस कमी पडते म्हणून नाही, तर यादीत नाव नाही म्हणून. यादी करते आशाताई, घरोघर फिरून. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हापासून गावाच्या आरोग्याचं निम्मं ओझं या बायकांच्या डोक्यावर आहे. कागदोपत्री त्या 'स्वयंसेविका', म्हणजे पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. २०२३ च्या शेवटी त्यांना संपावर जावं लागलं आणि २०२४ मध्ये पुन्हा, यातच सगळं आलं. तरी आमच्या भागातल्या आशाताई या साईटवर दोनदा येऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळा आपल्या मागच्या गेटवर वॉचमनकाकांनी पास मागितला आणि त्यांना परत पाठवलं.

वॉचमनकाकांची चूक नाही, त्यांना तशी ऑर्डर आहे. पिझ्झावाला मात्र रात्री साडेअकराला आत येतो, कारण आपण फोन करून सांगतो. या पोरांसाठी फोन करणारं कोणी नाही. ठेकेदाराकडे मजुरांची हजेरी असते, पोरांची नसते.

हे जमण्यासारखं नाही असं म्हणू नका. पोलिओच्या वेळी याच देशाने वीटभट्ट्या, बांधकामं, रेल्वे स्टेशनं पालथी घातली. जानेवारी २०११ नंतर देशात जंगली पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि २०१४ मध्ये आपल्या भागाला पोलिओमुक्त ठरवलं गेलं. आणि दुर्लक्ष केलं की काय होतं तेही पाहिलं आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, भिवंडीत, मालेगावात गोवराची साथ आली, त्यात लहान मुलं गेली. गोवर पत्र्याच्या खोलीत थांबत नाही. आपली मेस तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल, चला, गॅदरिंगच्या आधी कॅम्प घेऊ! बॅनर, टी-शर्ट, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन. कृपा करा. कॅम्प घेणारे लोक वीस मिनिटांवर बसले आहेत आणि आपल्यापेक्षा शंभर पटीने चांगला घेतात. आपण फक्त दोन गोष्टी करायच्या. आशाताई आणि सिस्टरांना मागच्या गेटचा कायमचा पास द्या. आणि ठेकेदाराने दर महिन्याला साईटवरची सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका मोजून उपकेंद्राला कळवायचं, ही अट कॉलेजने घाला. वर्कऑर्डरमध्ये सिमेंटच्या ग्रेडपासून टाईल्सच्या रंगापर्यंत सगळं असतं, ही एक ओळ मावेल. एवढ्या मोठ्या साईटला उपकेंद्राची माणसं महिन्यातून एक दिवस तिथेच येऊन सत्र घ्यायला तयार आहेत, मी विचारून आलोय.

तसा अर्ज मी लिहिला आहे. मिक्सरच्या तक्रारीवर एका रात्रीत एकशे चाळीस सह्या झाल्या होत्या. या अर्जावर आज सतरा आहेत. अर्ज मेसच्या काऊंटरवर ठेवला आहे, पेन बांधून.

त्या मुलीचा पुढचा डोस सोळा महिने पूर्ण झाल्यावर आहे. तोपर्यंत स्लॅब पूर्ण होऊन तिचे आईवडील दुसऱ्या साईटवर गेलेले असतील. कुठे, ते त्यांनाही माहीत नाही. कार्ड मी लॅमिनेट करून देणार होतो, पण सिस्टर ओरडल्या, "वेड्या, मग पुढच्या तारखा लिहायच्या कुठे?"