चौथी क्लचप्लेट

दोन वर्षांत तीन क्लचप्लेट! गाडी बाबांच्या वेळची, १ लाख ८० हजार किलोमीटर पळालेली, सगळं मान्य. पण तिसरी प्लेट जेमतेम ८ हजारांत जळाली आणि गॅरेजवाला म्हणाला, 'मॅडम, आता विकून टाका.' हे काही पटेना. नीट चालवलेली प्लेट ५०-६० हजार तरी सहज जाते.

मग दुसरा मिस्त्री गाठला आणि अट घातली : गिअरबॉक्स माझ्यासमोर उतरवायचा, जुनी प्लेट फेकायची नाही. कारण मंडळी, ती प्लेट म्हणजे क्लचचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट! सगळीकडून सारखी झिजून रिव्हेटपर्यंत आली असेल, तर तिचं आयुष्य संपलं, बस्स. (किंवा तुम्हाला ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर रांगायची सवय आहे!) फ्लायव्हीलवर निळे डाग म्हणजे ते तापलंय. पण प्लेट तेलकट निघाली, तर मामला प्लेटचा नाहीच.

माझी तेलकट निघाली. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल सील गळत होतं. तेल लागलं की प्लेट घसरते, घसरली की जळते, आणि आपण त्याच तेलात नवी बसवतो! गिअरबॉक्सचं सीलही गळू शकतं, म्हणून मिस्त्रींनी तेल बोटावर घेऊन हुंगलं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, याला नव्हता. म्हणजे इंजिनचंच. मग त्यांनी ब्रीदरचा पाइप काढला, तर तो काजळीने चोंदलेला. वाफ बाहेर पडली नाही की इंजिनातला दाब तेलालाच बाहेर ढकलतो. नुसतं सील बदललं असतं तर तेही गेलं असतं.

सील काही शे रुपयांचं, खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची. तो खाली असतानाच रिलीज बेअरिंगही बदलून घेतलं.

तुमच्या गाडीवर शंका असेल, तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरात, ४० च्या स्पीडला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिन ओरडलं आणि गाडी ढिम्म, तर क्लच घसरतोय. उलट रिव्हर्स टाकताना कर्रकर्र होत असेल, तर क्लच सुटत नाहीये. तिथे आधी केबल किंवा क्लचचा सिलिंडर बघा.

चौथ्या प्लेटवर ६ हजार झाले. खंबाटकी दोनदा चढले, जळका वास नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा मात्र अजून टाकते.