हरामखोर कोण?

दरसाल माणशी एक पैसा, अशा लोकवर्गणीच्या कल्पनेतून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे सुरू झाला. आज त्याच तळेगावपासून चाकणपर्यंत मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने पसरले आहेत. मराठवाड्यातला, बिहारमधला आणि उत्तर प्रदेशातला तरुण तेथे शेजारी शेजारी उभा राहून राबतो. या मजुराला कामाचा हुकूम पुष्कळदा इंग्रजी शब्दांत मिळतो आणि शिवी हिंदी-उर्दूत. शिवी हा निव्वळ असभ्यतेचा प्रश्न समजून सुसंस्कृत माणसे कानांवर हात ठेवतात. परंतु या शब्दांची कुळकथा पाहिली, तर शिवी हा समाजाच्या अर्थव्यवस्थेचा अत्यंत प्रामाणिक दस्तऐवज आहे असे दिसून येते.

सिनेमामुळे घरोघर पोचलेला ‘व्हिलन’ हा शब्द पाहा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तो जमीनदाराच्या जमिनीशी जखडलेल्या भूदासाचा वाचक होता. ‘रास्कल’ म्हणजे सामान्य गर्दीतला माणूस, ‘बूर’ म्हणजे शेतकरी. ‘नेव्ह’ म्हणजे आधी मुलगा, मग घरचा चाकर आणि शेवटी लबाड. पत्त्यांतल्या याच ‘नेव्ह’ला आपण गुलाम म्हणतो, आणि अरबीतल्या ‘गुलाम’ शब्दाचाही मूळ अर्थ मुलगा असाच आहे! दोन दूरच्या भाषांनी एकच वाट चालावी हा योगायोग नव्हे. जो राबतो तो हलका, आणि जो हलका तो लुच्चा, हा धन्यांचा सिद्धान्त सर्व देशांत एकच होता.

उर्दूचे शब्दही हीच साक्ष देतात. ‘कमीना’ म्हणजे हलक्या दर्जाचा. उत्तरेच्या खेड्यांत सेवा करणाऱ्या जातींना ‘कमीन’ असेच नाव होते. ‘बदमाश’मधील ‘मआश’ म्हणजे उपजीविका. ‘नमकहराम’ हा मिठाला न जागणारा. पण मीठ कोणाच्या श्रमातून आले हा प्रश्न त्या शब्दात नाही. यावरून कोणी उर्दूला बोल लावू नये. जातींच्या नावांचीच शिवी करणाऱ्या मराठीला तर तो अधिकार मुळीच नाही. सार्वजनिक ठिकाणी जातिवाचक शिवी देणे गुन्हा ठरवणारी तरतूद १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात करावी लागली, ती उगाच नव्हे.

‘हरामजादा’ आणि इंग्रजी ‘बास्टर्ड’ यांचा अर्थ एकच : विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात असे मूल ‘कोणाचेच नव्हे’ असे मानले जाई आणि त्याला वारसाहक्क नसे. म्हणजे या शिवीच्या मुळाशी नीतीपेक्षा मालमत्तेची चिंता अधिक आहे. आई-बहिणीवरून दिलेल्या शिव्याही स्त्रीला पुरुषाची मालमत्ता समजूनच दिल्या जातात.

सर्वांत उद्‌बोधक शब्द ‘हरामखोर’ हा होय. शब्दशः अर्थ : निषिद्ध अन्न खाणारा, न्यायाने न मिळवलेले खाणारा. याच्या उलट ‘हलालखोर’. हे नाव अकबराने झाडूवाल्यांना दिल्याचे ‘आईन-ए-अकबरी’त नमूद आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातही सफाईच्या कराला हलालखोर कर असेच म्हटले होते. नाव गौरवाचे मिळाले, परंतु डोक्यावरची मैल्याची पाटी उतरली नाही. शब्द बदलल्याने उत्पादनसंबंध बदलत नाहीत, याचे याहून स्वच्छ उदाहरण कोणते?

आणि शिवी वर चढू लागली, की तिचा भाव एकदम वाढतो. वरिष्ठांशी उद्धट भाषेत बोलल्याबद्दल उत्तर प्रदेशातील एका कामगाराला बडतर्फ करण्यात आले होते. ही शिक्षा अपराधाच्या मानाने फार कठोर आहे असे १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि वेतनवाढी रोखणे पुरेसे मानले. २००५ साली मात्र दुसऱ्या एका खटल्यात, वरिष्ठास अर्वाच्य शिवीगाळ करणाऱ्या कामगाराची बडतर्फी त्याच न्यायालयाने कायम केली. मुकादमाची शिवी खाली उतरते, तेव्हा तिला ‘कामाची पद्धत’ म्हणतात. मजुराची शिवी वर जाते, तेव्हा ती बेशिस्त ठरते. ठेकेदारामार्फत आलेल्या मजुराला तर चौकशीही दुर्लभ. दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेतले नाही, की संपले.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. जात आणि स्त्रीदेह यांवरून येणारा प्रत्येक अपशब्द स्वतःच्या तोंडातून, घरातून आणि युनियनच्या बैठकीतून हद्दपार करावा. मालकाला आईवरून शिवी घालण्यात कसलीही क्रांती नाही. आणि फाटकावर होणारा अपमान हा वेतनाइतकाच गंभीर प्रश्न मानून तो मागणीपत्रात घालावा. तळेगावपासून जवळच असलेल्या देहूच्या तुकोबांनीही कठोर शब्द वापरले, पण त्यांचा रोख ढोंग्यांवर होता, दुबळ्यांवर नव्हता. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून गुलाम या शब्दाची लाज राबणाऱ्याकडून काढून राबवून घेणाऱ्याच्या पदरात घातली. ‘हरामखोर’ या शब्दाचेही तेच केले पाहिजे. आठ तासांचे काम बारा तास करणाऱ्या पोराला तो शब्द लागू पडत नाही. त्याच्या उरलेल्या चार तासांचा मोबदला जो खातो, त्याच्यासाठीच तो घडला आहे.