नाव कंपनीचं, गाऱ्हाणं शेतकऱ्याचं

प्रति,
नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया (निक्सी), नवी दिल्ली

महोदय,

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही. तक्रारी इतक्या आल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी शेतकऱ्याच्या हाती पुरावा असतो तो पिशवीवरचं लेबल, लॉट नंबर आणि दुकानाची पावती. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि दुबार पेरणी उरकेपर्यंत गडप होतात. उद्या जिंतूरच्या एखाद्या पोराने कंपनीच्या नावापुढे ‘तक्रार’ जोडून, तुम्ही सांभाळता त्या डॉट इन किंवा डॉट भारतवर संकेतस्थळ काढलं नि तेच फोटो तिथे कायमचे लावले, तर? कंपनीचा वकील ट्रेडमार्क घेऊन तुमच्या दारात येईल.

तुमच्या वादनिवारण धोरणात बिगरव्यापारी, रास्त वापराला मुभा आहे. पण ट्रेडमार्कला बट्टा लावण्याचा हेतू नसावा, अशी अटही आहे. अहो, बियाणं उगवलं नाही म्हटलं की बट्टा लागणारच! तुम्ही नेमलेला लवाद काही उगवणशक्ती तपासत नाही, नाव तपासतो. तक्रार खरी असली तरी संकेतस्थळाचं नाव रद्द होऊ शकतं, नाहीतर थेट कंपनीच्या ताब्यात जाऊ शकतं.

टाटा विरुद्ध ग्रीनपीस आठवा. टाटांची तेव्हा भागीदारी असलेल्या ओडिशातल्या धामरा बंदरामुळे कासवांना धोका आहे, हे सांगायला ग्रीनपीसने एक ऑनलाइन खेळ काढला. त्यात टाटांचं चिन्ह होतं. टाटांनी दहा कोटींची भरपाई मागितली. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई नाकारली. टीकेसाठी चिन्ह वापरलं म्हणून लगेच ट्रेडमार्कचा भंग होत नाही, असा त्यांचा रोख होता. तो वाद संकेतस्थळाच्या नावाचा नव्हता, तरी तत्त्व तेच.

कंपनीचं नुसतं नाव घेऊन बसणाऱ्याची, किंवा आधी नाव अडवून मग पैसे मागणाऱ्याची वकिली मी करत नाही. त्याचं नाव खुशाल काढून घ्या. पण नावातच ‘तक्रार’ किंवा ‘फसवणूक’ असेल आणि तिथे काही विकलं जात नसेल, तर गिऱ्हाईक फसतं कुठे? अशा टीकेला बट्टा धरू नये, एवढं धोरणात स्पष्ट लिहा. आणि नोटीस मराठीतूनही पाठवा. इंग्रजी कागद उलगडायला परभणीचा वकील गाठेपर्यंत उत्तराची मुदत निम्मी सरलेली असते.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक, जिंतूर