घाटाकडे जाणारे रस्ते

सायकल हे वाहन की व्यायामाचे साधन, असा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी इंदुरात कोणी विचारला असता, तर लोक त्याला हसले असते. गिरणीतला कामगार, पोस्टमन, दूधवाला, शाळामास्तर, सारेच सायकलीवरून जात. आज पहाटे आमच्या खजरान्याच्या चौकात उभे राहिले, तर निराळे दृश्य दिसते. दूधवाला मोटारसायकलीवरून येतो आणि ज्यांच्या दारी मोटार उभी आहे, अशा घरांतले तरुण शिरस्त्राण घालून, पातळ चाकांच्या सायकलींवर ओणवे होऊन शहराबाहेर निघालेले असतात. सायकलीने आपला धनी बदलला, असेच म्हणावयाचे. अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता, हा योगायोग तेव्हा पुष्कळांच्या जिव्हारी लागला.

हे तरुण जातात कोठे? कोणी तेजाजीनगरवरून सिमरोलकडे व पुढे चोरलच्या घाटाकडे वळतो; कोणी महू गाठून जामच्या दरवाजाचा रस्ता धरतो. नकाशावर पाहिले तर दोन्ही वाटा दक्षिणेस जातात आणि एकाच ठिकाणी थबकतात. तेथे माळव्याचे पठार संपते, विंध्याचा कडा तुटतो आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, तर नर्मदाकाठचे महेश्वर दीडशे मीटरांच्या आसपास. एवढा फरक रस्ता काही थोड्या वळणांत उरकतो. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर तर निसर्गाची मोठी मौज आहे. तेथे उगम पावलेली चंबळ उत्तरेस जाऊन यमुनेला मिळते, आणि त्याच डोंगराच्या दक्षिण अंगाचे पाणी नर्मदेत उतरते. एकाच सरीचे दोन थेंब, एक बंगालच्या उपसागरात आणि दुसरा अरबी समुद्रात! मोटारीतून जाणाऱ्याला ही पाणलोटाची रेषा कळत नाही. सायकलस्वाराला ती मांड्यांतून कळते.

आम्ही मराठीचे विद्यार्थी, त्यामुळे शब्दापाशी थोडे रेंगाळणे ओघानेच आले. 'घाट' हा शब्द आपण डोंगरातल्या वाटेला लावतो आणि नदीच्या पायऱ्यांनाही लावतो. जामच्या रस्त्यावर हे दोन्ही अर्थ अर्ध्या दिवसात भेटतात. वर डोंगराचा घाट, खाली मंडलेश्वर-महेश्वरला नर्मदेचा घाट. वरचा दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधविला. आमच्या खजरान्याच्या गणपतीचे मंदिरही त्यांचेच. राजधानी महेश्वरी आणि मुलूख वर माळव्यात, तेव्हा या चढाची वाट राखणे हा राज्यकारभाराचाच भाग होता. त्याहीपूर्वी १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांची फौज नर्मदा ओलांडून मांडवगडच्या बाजूने वर चढली आणि अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर पडला. त्यानंतर माळव्यात जी मराठी घरे स्थिरावली, त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज असलेच घाट चढून आले. 'तुमचे मूळ गाव कोणते?' हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो. त्याचे उत्तर देताना गावाचे नाव आठवते, वाट मात्र कोणाला आठवत नाही.

नाशिकला ज्यांचे सोयरे आहेत, त्यांना हा सायकलीचा छंद नवा वाटणार नाही. गंगापूर धरणाच्या काठाने आणि दिंडोरीच्या बाजूला द्राक्षमळ्यांतून जे चढउताराचे रस्ते गेले आहेत, त्यांवर रविवारी सायकलस्वारांची वर्दळ असते. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, आणि द्राक्षबाग ही पाहावयास जाण्याची जागा ठरली. फ्रान्स-इटलीत ज्याप्रमाणे मळ्यांतील रस्ते आणि सायकल यांचे नाते जुळले, तसे काहीसे तेथे घडत आहे. त्याच नाशिकचे डॉक्टर हितेंद्र व महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीने पूर्ण केली. आमच्या विंध्यात द्राक्षे नाहीत. येथे थंडीच्या तोंडी सीताफळाच्या पाट्या रस्त्याकडेला मांडलेल्या असतात, चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळतात आणि मांडवगडाकडे गेले तर आफ्रिकेतून आलेली गलेलठ्ठ खुरासानी चिंच उभी असते. आमची तक्रार नाही. ज्या भूमीत जे पिकते, त्याच्या वासानेच तेथला रस्ता ओळखावा.

आता थोडे व्यवहाराचे. स्वार व सायकल मिळून ऐंशी किलो वजन धरले, तर पाचशे मीटर उंची चढण्यास शरीराची सुमारे पावणेचारशे कॅलरी शक्ती खर्ची पडते, म्हणजे तीन-चार पोळ्यांची. महूला पोहे-जिलबीसाठी थांबणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानी घ्यावा! चढावर हलका गिअर घालून एका लयीत पाय मारावे. गिअर नसल्यास उतरून सायकल हाती धरून चालण्यात कसलाही कमीपणा नाही. खरा धोका चढात नसून उतारात आहे. ब्रेक सतत आवळून धरला तर तापतो, म्हणून थोडा दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा, आणि दोन्ही चाकांचे ब्रेक वापरावे. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे. पावसाळ्यात ओली रिम ब्रेकला दाद देत नाही, तेव्हा आश्विनापर्यंत धीर धरलेला बरा. पन्नाशी उलटलेल्यांनी वैद्याला विचारून निघावे, आणि कोणीही एकटे जाऊ नये.

इतके झाल्यावर जो विषय आमच्या मनात फार दिवस घोळत आहे, त्याकडे वळतो. मध्य प्रदेशात, ज्या गावी पुढची शाळा नाही, तेथल्या सहावी व नववीच्या मुलामुलींना सरकारी शाळेत जाण्यासाठी विनामूल्य सायकल मिळते. बिहारमध्ये नववीच्या मुलींसाठी अशी योजना २००६ साली सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून दाखविले की, योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले. शाळा तीच होती, अंतर तेवढेच होते. बदलले एवढेच की, ते अंतर मुलीच्या आवाक्यात आले. आमच्या नित्य पाहण्यातली गोष्ट मात्र अशी की, शाळा संपली की पुष्कळ मुलींची सायकलही सुटते. ती धाकट्या भावाकडे जाते किंवा अंगणात गंजते. मुलीने शाळेपर्यंत जावे हे घराला पटलेले असते. शाळेपलीकडे, केवळ क्षितिज पाहण्यासाठी जावे, हे पटलेले नसते. आपली सुशिक्षित मराठी घरेही याला अपवाद नाहीत. मुलगा पहाटे पाचला चोरलला निघाला तर आई त्याला डबा देते. मुलगी निघाली तर आधी बैठक भरते.

या भीतीला आधार नाही, असे आम्ही म्हणणार नाही. खंडवा रस्त्यावर मालमोटारींची रीघ असते, आणि सायकलीला जागा देण्याची रीत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. पण म्हणून रस्ता मुलीसाठी बंद करणे हा उपाय नव्हे. रस्ता सुरक्षित करणे हा उपाय होय. या मार्गाच्या चौपदरीकरणाचे काम बोगद्यांसह हाती घेण्यात आले. नव्या रस्त्यामुळे जुन्या घाटातील जी वळणे मोकळी होतील, ती पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी राखावी, अशी मागणी आपण नागरिकांनी करावयास हवी. हे काही अघटित मागणे नाही. महाराजा तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटीच्या कर्जातून झालेल्या जुन्या लोहमार्गावर, पातालपाणी ते कालाकुंड या घाटातील टप्प्यात, २०१८ च्या अखेरीस खास प्रवाशांना डोंगर दाखविण्यासाठी गाडी सुरू झाली. रुळांना जो मान मिळाला, तो जुन्या डांबरी वळणांना का मिळू नये?

तोवर वाचकांना एक सुचवावेसे वाटते. येत्या थंडीत चार घरांनी मिळून एक रविवार ठरवावा. लेकी-सुनांनी, मुलांनी आणि ज्यांचे गुडघे साथ देतात अशा वडीलधाऱ्यांनी पहाटे निघून महूच्या पुढे जामच्या दरवाजापर्यंत जावे. अंतर अधिक वाटल्यास महूपर्यंत सायकली गाडीत घालून न्याव्या. दरवाजाच्या सज्जातून खाली निमाड पाहावा, आणि मुलांना सांगावे की, आपली माणसे ज्या वाटांनी वर आली, त्यांपैकीच ही एक. आणि परतीच्या रस्त्यावर मुलीची सायकल पुढे असू द्यावी.